मागे घेतलेली साक्ष

कांजूरमार्ग (पूर्व),
रविवार, ११ फेब्रुवारी २०२४

ती. मीराताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागावलीस तरी आज मी इतकी खुशीत आहे की मला काही लागणार नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी दिलेला मोबाइल तू कपाटात ठेवून दिलास, तेव्हा बातमी पोस्टानेच यायची. ताई, आपली प्रांजल बरी झाली!

डिसेंबरात तिला टीबी निघाला तेव्हा मी तुला रडत रडत लिहिलं होतं. दोन महिने गोळ्या झाल्या. खोकला गेला, ताप गेला, वजन तीन किलोने वाढलं, कॉलेजही सुरू झालं. परवा शुक्रवारी घाटकोपरला एका हॉलमध्ये आजाऱ्यांसाठी प्रार्थनेची आरोग्यसभा होती. सुशांतभाऊ म्हणून नवीन प्रचारक आहेत, त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आणि आज आमच्या मुलुंडच्या चर्चमध्ये साक्षीच्या वेळी मी उभी राहिले. चार माणसांपुढे माझे पाय लटपटतात हे तुला माहीत आहे. पण आज माइक हातात धरून सांगितलं की प्रभूने माझ्या मुलीला पूर्ण बरं केलं. सगळी मंडळी टाळ्या वाजवत उठली. बायकांनी मिठ्या मारल्या. महिला मंडळाच्या चेतनाबाई तर उद्या केक घेऊन घरी येणार आहेत.

राजेशचं म्हणणं, आधी डॉक्टरांना तरी विचारायचं होतंस. त्यांचं नेहमीचंच. गोळ्यांचं काय म्हणून तू विचारशीलच, ते सवडीने लिहिते.

प्रार्थनेत आम्हा तिघांची नावं घेत जा, आणि माया आहे तशीच राहू दे.

तुझी धाकटी,
अनुपमा


जालना,
२० फेब्रुवारी २०२४

चि. अनुपमास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आनंद झाला, लपवत नाही. रविवारी आमच्या मंडळीत ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि उपकारस्तुती केली. माझा आवाज मला नीट ऐकू येत नाही, त्यामुळे मी ओरडते. पाळकबाई हसत होत्या. घरी येऊन चहा ठेवला आणि पत्र पुन्हा वाचायला घेतलं, तेव्हा त्या गोळ्यांच्या ओळीवर डोळे अडकले. सवडीने म्हणजे काय गं?

चौतीस वर्षं मी मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. टीबीच्या गोळ्या सहा महिने घ्यायच्या असतात. खोकला थांबला म्हणजे आजार गेला असं नाही. प्रार्थना कर, केक खा, टाळ्या घे, पण त्या पोरीच्या पोटात रोज गोळी गेली पाहिजे. प्रांजलला सांग की मावशीला दर महिन्याला गोळ्यांची रिकामी पाकिटं हवीत. नाही आली तर मी स्वतः येईन आणि राजेशरावांच्या देखत तुझा कान धरीन.

उलट टपाली कळव. सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी,
ताई


कांजूरमार्ग,
२ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
सलाम.

मार्चमध्ये तुला कार्ड पाठवलं होतं, गोळ्या चालू आहेत म्हणून. ते खोटं होतं. त्यानंतर मी गप्प बसले कारण पुन्हा खोटं लिहायची ताकद नव्हती आणि खरं लिहायचीही नव्हती.

मी साक्ष दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी चेतनाबाई केक घेऊन आल्या. गोळ्यांचा डबा टेबलावरच होता. मी तो पटकन फ्रिजवर वर्तमानपत्राखाली सरकवला. मग रोज कुणी ना कुणी येत राहिलं. कुणाला प्रांजलला बघायचं होतं, कुणाला तिच्यासोबत फोटो काढायचा होता. पूर्ण बरं केलं असं मी माइकवर सांगितलं होतं. त्याच घरात गोळ्या दिसल्या तर लोक काय म्हणतील, देवाचं नाव खाली जाईल, असं माझ्या डोक्यात बसलं. माझी साक्ष खोटी पडू नये म्हणून मी लेकीच्या गोळ्या बंद केल्या, ताई. तिलाही देवाने तुला बरं केलंय असंच सांगितलं आणि तिने ते मानलं. मला कुणी सांगितलं नव्हतं. सुशांतभाऊंनीही नाही. टीबी केंद्रातून फोन यायचे, तेव्हा मुलगी गावी गेली आहे असं मी सांगायची. राजेशना ती गोळ्या घेते आहे असं सांगायची. सगळ्यांना वेगवेगळं सांगत होते.

जूनमध्ये तिच्या रुमालावर रक्त दिसलं. तपासणीत निघालं की आता आधीच्या गोळ्या तिला लागूच पडत नाहीत. नवीन, कडक गोळ्या दिल्या आहेत, निदान नऊ महिन्यांच्या, आणि इतक्या उशिराने त्या तरी लागू पडतील की नाही हे डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. तीन आठवडे झाले, डबा तसाच आहे. ती घेत नाही.

ती काय म्हणते ते लिहिते. ती म्हणते की देवाने बरं केलं असं तू सगळ्यांसमोर सांगितलंस, तेव्हा दोघांपैकी एक जण खोटा आहे, तू तरी नाहीतर देव तरी. आधी कोण ते ठरव. तोपर्यंत कुणाच्याही सांगण्यावरून ती काही गिळणार नाही. वीस वर्षांची पोर, वजन अडतीस किलो, भिंतीकडे तोंड करून पडून असते. डॉक्टरांनी समजावलं, केंद्रातली दर्शना नावाची मुलगी तर तासभर बसून गेली. उपयोग नाही.

राजेश माझ्याशी बोलत नाहीत. त्यांनी शास्त्र, घरातलं बायबल, उचलून माळ्यावर टाकलं. मी अडवलं नाही. गुडघे टेकते आणि शब्दच येत नाहीत. मला आता वाटतं की वर कुणी नाही. आणि असलाच तर माझं ऐकून का घेईल? तरी दर रविवारी चर्चला जाते, कारण नाही गेले तर लोक घरी येतील. आणि तिथे बायका आपल्या आजारी माणसांची नावं लिहून माझ्या हातात देतात, की तुझी प्रार्थना लागू पडते, आमच्यासाठी कर. त्या चिठ्ठ्या माझ्या पर्समध्ये साठल्या आहेत.

माझी मुलगी मरेल, ताई. मीच तिला मारलं असेल. तू नर्स आहेस, तू सांग, मी काय करू?

अनुपमा


जालना,
९ ऑगस्ट २०२४

चि. अनुपमास,
आशीर्वाद.

तुला लिहिलेली पहिली दोन पानं मी फाडून टाकली. त्यात मी तुला शब्दांनी खूप मारलं होतं. आता राग उतरला आहे, भीती उतरलेली नाही. रिकामी पाकिटं आली नाहीत तेव्हाच मी यायला हवं होतं, तुझ्या कार्डावर विसंबले.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस. मला विषमज्वर झाला आणि त्यात एक कान गेला, असं आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मला टीबी झाला होता. वॉर्डातूनच लागला. माझं लग्न ठरलं होतं म्हणून बाबांनी विषमज्वर सांगायला लावलं. लग्न तरीही मोडलं. त्या वेळची इंजेक्शनं मी महिनोन् महिने घेतली. त्यांनी जीव वाचवला आणि एक कान नेला, दुसरा मागाहून हळूहळू गेला. मला गाणं किती आवडायचं हे तुला आठवत असेल. कानासाठी मी दोन वर्षं रोज रडून प्रार्थना केली. कान आला नाही. मग मीही तुझ्यासारखंच म्हटलं की वर कुणी नाही. तीन वर्षं चर्चमध्ये पाय ठेवला नाही.

परत कशी आले हे मला नीट सांगता येत नाही. वॉर्डात एक म्हातारी शेवटच्या घटका मोजत होती, तिने मला गीत म्हणायला लावलं. मला सूर ऐकू येत नव्हता, चुकत असणार. ती मात्र माझा हात धरून शांत गेली. त्या खोलीत आम्ही दोघीच नव्हतो, एवढं मला कळलं. त्यावर कुणी हसलं तर हसू दे. मी मागितलं ते मला मिळालं नाही, आणि तरीही त्याने मला एकटं टाकलं नाही. इतकाच माझा विश्वास आहे, आणि त्यावर मी तीस वर्षं काढली.

आता काय करायचं ते सांगते. प्रांजलचा प्रश्न बरोबर आहे. खोटं कोण, ते तिला ऐकायचं आहे, आणि उत्तर तुला माहीत आहे. ज्या जागी उभं राहून साक्ष दिलीस, त्याच जागी उभी राहा आणि ती मागे घे. देवाचं नाव राखायला आपलं खोटं लागत नाही. लोक तोंड फिरवतील. फिरवू देत.

तुझं पत्र मी इथे मोठ्याने वाचून दाखवलं होतं, तेव्हा मलाही उभं राहायचं आहे. पंचवीस तारखेच्या रविवारी तू तिथे, मी इथे. पाय लटपटले तर बाक धरून उभी राहा.

तुझ्यावर माझा राग आहे आणि जीवही आहे, दोन्ही ठेवून घे.

तुझी,
ताई


कांजूर,
२६ ऑगस्ट २०२४

मावशी, सलाम!

तू मोबाइल वापरला असतास तर हे मी दोन मिनिटांत टाइप केलं असतं. आता हात दुखतोय, अक्षरावरून बोलू नकोस.

आईने काल साक्ष मागे घेतली. ती तुला नीट लिहिणार नाही म्हणून मी लिहितेय. मी आत बसले नव्हते, मला गर्दीत जायला मनाई आहे. मास्क लावून बाहेर व्हरांड्यात खिडकीपाशी उभी होते. खरं सांगू? ती ऐन वेळी कच खाईल असंच मला वाटत होतं. ती भाजीवाल्याशी भाव करायला घाबरते यार.

पण ती उठली. बाक घट्ट पकडला होता. तिने सांगितलं की फेब्रुवारीत मी दिलेली साक्ष खोटी होती. मुलगी बरी झालेली नव्हती, मला ती बरी झालेली बघायची घाई झाली होती. देवाने मला काही सांगितलं नव्हतं आणि गोळ्या मी स्वतःच्या अब्रूसाठी थांबवल्या. मग पर्समधून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि म्हणाली की ही तुमच्या माणसांची नावं, मी एकासाठीही प्रार्थना केलेली नाही, मला माफ करा, आणि कृपा करून कुणी औषध सोडलं असेल तर आजच सुरू करा.

मावशी, एक टाळी नाही. चेतना आंटी उठून निघून गेल्या, माझ्या बाजूनेच गेल्या, बघितलं पण नाही. मग मागच्या बाकावरचे धोंडिराम काका उभे राहिले. आईची साक्ष ऐकून त्यांनी शुगरचं इन्सुलिन सोडलं होतं, पायाला जखम झालीय आणि घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते लहान मुलासारखे रडले. आईपण रडली. पाळक वर पुलपिटवर, प्रवचनाच्या ओट्यावर होते, ते खाली आले आणि आईच्या शेजारी उभे राहिले.

घरी येऊन मी गोळ्या घेतल्या. लगेच खूश होऊ नकोस. देव आहे की नाही मला अजून माहीत नाही, आणि आईला मी पूर्ण माफ केलेलं नाही. पण कालची ताकद तिची नव्हती. वीस वर्षं बघतेय मी तिला, तिच्यात ती नाहीच. मग आली कुठून, याचा मी कालपासून विचार करतेय.

पप्पांनी शास्त्र माळ्यावरून खाली काढलं. धूळ पुसून ठेवलं. तुझ्या चर्चमध्ये काय झालं ते लिही. तुझी पण वाट लागली का?

तुझी आगाऊ भाची,
प्रांजल


कांजूरमार्ग,
४ ऑक्टोबर २०२४

ती. ताईस,
सप्रेम सलाम वि. वि.

तूही तिथे उभी राहून खरं सांगितलंस, तेव्हापासून तुझ्या मंडळीतल्या दोघी तुझ्याशी बोलत नाहीत हे वाचून वाईट वाटलं. माझ्याशी बोलणारे इथे बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. धोंडिराम काकांच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. दर बुधवारी त्यांच्याकडे जाते. ते मला दोष देत नाहीत, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

काल प्रांजलच्या महिन्याच्या तपासणीचा रिपोर्ट आला. अजून जंतू आहेत, ताई. वजन अर्धा किलो वाढलं आहे, पण जंतू आहेत. डॉक्टरांनी सांगितलं की इतक्यात आशा सोडायची नाही, कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात फरक पडतो. मला त्यांचं पुढचं काही ऐकू आलं नाही. या गोळ्यांनी तिला मळमळतं, पाय जळतात, चेहरा काळवंडला आहे. एवढं सोसून हे उत्तर. येताना रिक्षात मी मनात देवाशी भांडले. मी खरं बोलले, सगळ्यांसमोर नाक घासलं, तरी तू हे केलंस, असं म्हटलं. म्हणजे मी अजून सौदाच करत होते. ते कळल्यावर आणखीच लाज वाटली.

घरी आल्यावर ती डबा खिडकीतून फेकून देईल अशी माझी खात्री होती. तिने रिपोर्ट पुन्हा एकदा वाचला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि पाणी आणलं. मग मला म्हणाली की शेजारी बस आणि प्रार्थना कर. मी तिला खरं तेच सांगितलं, की मला महिनोन् महिने प्रार्थना येत नाही. त्यावर ती म्हणाली की छान नको, खरी कर.

राजेश दारात उभे होते, ते आत येऊन आमच्याजवळ बसले. मी डोळे मिटले. तिला बरं कर असं म्हणायला जीभ उचलेना, आता मला त्या शब्दांची भीती वाटते. मी देवाला एवढंच सांगितलं की ती आजारी आहे, आम्ही घाबरलो आहोत, आणि आम्ही तुझीच आहोत. पण ताई, तू त्या म्हातारीच्या खोलीबद्दल लिहिलं होतंस ते काल मला समजलं. आम्ही तिघंच नव्हतो. रिपोर्ट टेबलावर तसाच होता आणि तरी मला ते पक्कं कळलं.

ती आमेन म्हणाली आणि एकेक गोळी घेऊ लागली. शेवटची उलटून पडली. तिने तोंड पुसलं, माझ्यापुढे हात केला आणि दुसरी मागितली.

आमची नावं तुझ्या ओठांवर असू देत.

तुझी धाकटी,
अनुपमा