बायोसच्या आधी श्री

मुरुम, ६ जानेवारी २०२५

चि. मल्लिनाथ यास अ. उ. आ.

तुझा पेनड्राइव्ह पोचला. आमचं जुनं गेमचं यंत्र पुण्याला नेऊन तू त्यातली, यंत्र सुरू करणारी बायोस फाइल काढलीस, म्हणून तुझी मामी कौतुक करते. मी करत नाही. कॉम्प्युटरवर पडदा काळाच आहे आणि बायोस सापडत नाही असं लिहून येतं. फाइल मी स्वतःच्या हातानं फोल्डरमध्ये ठेवली आहे. तुमच्या कंपनीत असंच काम चालतं का?

शेजारचा महेबूब महिनाअखेरीस लेकीकडे सोलापूरला कायमचा जातोय. इतकी वर्षं मोटारींच्या शर्यतीत त्यानं मला एकदाही जिंकू दिलं नाही. जाण्याआधी त्याला हरवायचंच आहे. उपाय लिहून पाठव. फोनवर तू ओरडतोस.

तुझा मामा, सिद्रामप्पा

पुणे, १३ जानेवारी

ति. मामांना सा. न. वि. वि.

तुमच्या फोल्डरचा फोटो मामीनं गुपचूप पाठवला. फाइलच्या नावाआधी तुम्ही 'श्री' लिहिलंय! किराण्याच्या यादीवर लिहिता, लाइटबिलावर लिहिता, तिथपर्यंत ठीक. पण एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम, बायोसला नेमक्या नावानंच ओळखतो, आणि ती सापडली नाही तर पुढं काहीच हलत नाही. श्री काढा. पाप माझ्या नावावर टाका.

तसंही जिंकणार महेबूबचाचाच. तुमची मोटार रस्त्यापेक्षा कठड्यावरच जास्त असते.

मामीला नमस्कार. राग आला तर पत्रातूनच यावा.

तुमचा मल्लिनाथ

मुरुम, २ फेब्रुवारी

चि. मल्लिनाथ यास अ. उ. आ.

श्री काढला. आधी देवाची माफी मागितली, मग काढला. लगेच चालू झालं. म्हणजे दोष तुझ्या एम्युलेटरचाच, त्याला वळण नाही.

महेबूब सामान बांधूनच आला. मी हरलो. पुन्हा हरलो. जेवणं थंड झाली तरी हरतच होतो. शेवटी तोच चिडला. म्हणाला, की असल्या गड्याला हरवून जाण्यात कायबी मजा न्हाय, तू एकदा जिंकल्याबिगर मी सोलापूरला जाणार न्हाय. तसं लेकीला कळवून मोकळा झाला. तिनं फोन करून मलाच झापलं.

काल एकटाच खेळत बसलो होतो. वळणावर जरा ब्रेक दाबला, आणि मल्ल्या, शर्यत सहज जिंकलो. मामीनं पाहिलं. तिला शपथ घातली आहे, तुलाही घालतो. तो गेला तर मला करमणार नाही. आज संध्याकाळी तो येतोय. ब्रेकवरचं बोट मी उचलून ठेवलं आहे.

लोभ आहेच, तो वाढव. सल्ले कमी कर.

तुझा मामा