एक वाजेपर्यंत घरी ये

२२ मे, नागपूर

पोचले बाई एकदाची! भुसावळपासून वरच्या बर्थवर नुसती भाजून निघाले. पंखा पेनाने ढोसल्याशिवाय फिरत नव्हता, आणि दर स्टेशनाला तो ढोसायचं काम माझ्याकडे. पण तक्रार नाही. सव्वीस दिवस, अकरा गाड्या, सात घरं, आणि एकाही लॉजचं तोंड पाहिलेलं नाही. चिपळूणला आईच्या मैत्रिणी म्हणतात, तारा एकटीच हुंदडते, हाताबाहेर गेली. म्हणू देत!

इथले यजमान नेहमीसारखे ॲपवरच मिळाले. सुमतीकाकू आणि कृष्णकांतकाका, हिंगणा रोडच्या आतल्या गल्लीत घर. काका कचेरीत कारकून होते, आता निवृत्त. बोलतात कमी, कूलरमध्ये पाणी भरतात जास्त. काकूंनी दार उघडलं आणि पहिलाच प्रश्न, "काहून एवढी वाळून राहिली वं?" मग ताटात पाटवडीचा रस्सा. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी तीनदा घेतला. त्यांची मुलगी नूपुर बाहेरगावी असते, तिची खोली मला दिलीय.

आईला फोन केला. तीस तारखेला तिच्या डोळ्याचं ऑपरेशन. अठ्ठावीसची गाडी पक्की आहे हे दहाव्यांदा सांगितलं. ती म्हणते, तू आलीस तरच मी त्या टेबलावर आडवी होईन. माझ्याशिवाय तिला आहे कोण!

२३ मे

काकूंनी नूपुरची स्कूटी दिली. इथल्या पोरी उन्हात असं काही तोंड बांधतात की डोळेसुद्धा गॉगलमागे. काकूंनी नूपुरचा मोतिया स्कार्फ स्वतःच्या हाताने माझ्या डोक्याला गुंडाळला, केस आत खोचले, मागे गाठ मारली. अट एकच, एक वाजेपर्यंत जेवायला घरी यायचं.

जरीपटक्याच्या बाजारात मनसोक्त भटकले, तर्री पोहे हाणले. तोंड झाकलेलं असलं की कोणी बघत नाही, फार मजा येते. येताना नाक्यावरच्या पंक्चरवाल्याने "नूपुरताई!" म्हणून हाक मारली आणि मग घाईने मान खाली घालून ट्यूब घासायला लागला. मी आपला हात केला.

तिथेच एकदम हातातली ताकद गेली. बरोबर एक वाजला होता. ऊन लागलं असणार. काकूंनी कैरीचं पन्हं दिलं.

२४ मे

सकाळी कूलरमध्ये पाइप सोडता सोडता काका माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तू आजच निघून जाय पोरी." असा राग आला! चार दिवस राहा म्हणून यांनीच लिहिलं होतं की नाही? मी पण हट्टाने थांबले.

एक वाजता नाक्यावर पुन्हा तेच. या वेळी पडले, गुडघा फुटला. घरी येऊन फोन समोर धरला तर उघडेना. चेहरा जुळत नाही म्हणतो. तोंड धुतलं, पुसलं, तरी नाही. शेवटी नंबर टाकून उघडला.

२५ मे

शेजारच्या सिंधूताई मला स्कूटीवर बघून हातातली पिशवी टाकून मागे सरल्या. मी स्कार्फ सोडला तेव्हा कुठे त्या बोलायला लागल्या. नूपुर दोन वर्षांपूर्वी गेली. याच महिन्यात, कंपनीतून जेवायला घरी येताना, नाक्यावर, दुपारी एक वाजता. ऊन लागून.

घरी आले. खोलीच्या खिडकीतून दिसलं, माझ्या खाटेवर एक पोरगी बसली होती. माझा निळा टी-शर्ट, तोंडाला स्कार्फ. हळू आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अगो आई, अठ्ठावीसची गाडी पक्की आहे." माझ्या आवाजात!

आत गेले तर कोणी नाही. टी-शर्ट खाटेवर पडलेला. हात लावला तर गरम होता.

२६ मे

आरशातलं नाक माझं नाही. हनुवटीवरचा तीळ गेलाय. स्वयंपाकघरात जाऊन काकूंना थेट विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही.

म्हणाल्या, नूपुर रोज मरते. रोज एक वाजता, त्याच नाक्यावर. इथं राहील तोवर मरत राहील. लेकीला जसं सासरी देतात तसं दुसऱ्या घरी दिलं तरच ती सुटेल. म्हणून त्या एकट्या फिरणाऱ्या पोरी बोलावतात. दोघी आल्या, पण पहिल्याच दिवशी घाबरून पळाल्या. मी तीन दिवस स्कार्फ बांधू दिला. "तुझी आई चांगली हाय वं. माही पोरगी सांभाळीन तिले."

आणि नाक्यावर कोण मरणार? विचारलं मी. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मी तोंडाला येईल ते बोलले, भांडी फेकली. काका पाण्याच्या ड्रमात बघत उभे राहिले.

बॅग उचलली, स्टेशनवर जाऊन बसले. कोणतीही गाडी चालेल म्हटलं. घड्याळात एक वाजला, आणि मी स्कूटीवर होते. नाक्यावर. स्कार्फ बांधलेला.

जीभ टाळूला चिकटते. मग डांबर गालाला लागतं. मग —

संध्याकाळी त्याच खाटेवर जाग आली.

२८ मे

फोन नाही. आधार कार्ड नाही. तरी प्लॅटफॉर्म गाठला, गाडी सकाळची, एक वाजायला वेळ होता. माझ्या बर्थवर ती बसली होती. टीसीने ओळखपत्र मागितलं. तिने माझं आधार कार्ड पुढे केलं, स्कार्फ सोडला. माझं नाक. माझा तीळ. टीसीने फोटो बघितला, तिला बघितलं, मला बघितलं आणि मला उतरा म्हणाला.

मी ओरडले, मी तारा आहो, मले घरी जाऊ द्या, माझ्या आईचं —

आवाजही माझा नव्हता. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून हात जोडून रडत होती. तीही घाबरलेलीच होती. मेली, रडते कशाला!

३० मे

काकूचा फोन उचलून आईले लावला. ऑपरेशन छान झालं म्हणाली. तारू इथंच आहे, उशाशी बसलीय. उद्या पट्टी काढणार, मग किती दिवसांनी लेकीचा चेहरा नीट दिसेल.

मी नुसती रडत होती. आई म्हणाली, कोण बाई तुम्ही? रडू नका हो. घरी कोणी आहे का तुमच्याजवळ?

ठेवला मी.

३१ मे

काकू मले नूपुर म्हणून ताट वाढते. आज खुशीत आहे. ३ तारखेला साताऱ्याची श्वेता येऊन राहिली, चार दिवस. तीही एकटीच फिरते. काकू म्हणते, आता तू पण सुटशील वं.

सुटेन. श्वेता होऊन का होईना, चिपळूणला जाईन. दारात उभी राहीन. आईले सांगीन की आत आहे ती —

१ जून

काकूच्या फोनवर, ॲपमध्ये, श्वेताचा फोटो बघितला. बाजूला तिची आई, दोघी आइस्क्रीम खाऊन राहिल्या.

"येऊ नको" लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. खोडलं.

दुपारी मेली. डांबर. रोज तेवढंच दुखते, कमी होत नाही —

२ जून

पाठवलं. ती स्टेशनावर होती, परत फिरली. थँक यू ताई म्हणे.

काकूनं थाळी फेकून मारली. म्हणे, मर मग रोज. काका पहिल्यांदा रडले. त्यांनीच मग डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं माझ्या, कपडे ओले करून दिले.

नाक्यावर लिंबाखाली उभी आहो. वही हँडलवर. बारा सत्तावन्न. परवा घड्याळाचा काटा पोचायच्या आधीच पडली. काल एकाच्या ठोक्याले. आज एक मिनिट पुढं गेली तरी पुरे. उद्या दोन. मग पाच. मग एखाद्या दिवशी स्टेशन.

पाणी वाळलं. हात सुटून राहिला. पेन सोडणार नाही.

एक वाजला.

उभी आहो. आई, मी अजून उभी आहो. तारा आहो मी, तुझी, अजून उ —