सी-तीनच्या पेशी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

मेल्या नाहीत!

औषध घालून चोवीस तास झाले. कंट्रोलच्या पेशी शंभरातल्या साठ-पासष्ट तरी मरायला हव्या होत्या. मेल्या अकरा. लॅबच्या प्रमुख आसावरी मॅडमनी ग्राफ पाहिला, चष्मा काढून पुसला, परत घातला. "अँटिबॉडी खराब असेल, दर्शना. नाहीतर तुझा हात."

हात! सहा वर्षं हेच करतेय मी.

आजारी मुलांच्या पेशी मरत नाहीत हे दाखवायचं, तर शेजारी निरोगी माणसाच्या पेशी मरताना दिसायला हव्यात. निरोगीच मरेना, तर सगळं काम गेलं खड्ड्यात.

४ फेब्रुवारी

पप्पांनी जेवताना विचारलं, "नक्की करतेस काय गं तू त्या वागळे इस्टेटच्या लॅबमध्ये?"

सांगितलं — अंगात जंतू शिरला की टी-पेशी भराभर वाढतात, लढतात. लढाई संपली की त्यांनी मरायचं. पेशीवर फास नावाचं एक कुलूप असतं. त्यात किल्ली (लॅबमध्ये आमचं औषध, म्हणजे ती अँटिबॉडी) फिरली की आत निरोप जातो आणि पेशी स्वतःच स्वतःला संपवते. नाही मेल्या तर साठत जातात. गाठी येतात, स्प्लीन म्हणजे पानथरी फुगते, मग त्या आपल्याच रक्तावर उठतात.

"म्हणजे रिटायर व्हायचं," पप्पा म्हणाले.

"हो, पण पेन्शन नाही."

हसले. नाव मात्र पटलं त्यांना. "फास! बरोबर ठेवलंय."

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवी अँटिबॉडी. तिघा निरोगी कंट्रोलच्या पेशी एकाच प्लेटमध्ये लावलेल्या. सी-एक मेल्या. सी-दोन मेल्या. सी-तीन — नऊ टक्के!

कंट्रोलचं रक्त आम्ही लॅबवालेच देतो, फॉर्म भरून. नावं नसतात, नुसते नंबर. माझा ज्युनियर अपूर्व स्क्रीनकडे बघून म्हणाला, "सी-तीन अमर आहे यार." मी पण हसले.

सी-तीन मी आहे.

७ फेब्रुवारी

मॅडमना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "लहानपणी गाठी होत्या तुला?"

होत्या. मानेत. आई म्हणायची, वाढीच्या आहेत. तेराव्या वर्षापर्यंत आपोआप बसल्या.

"घाबरू नकोस. फासमध्ये दोष असूनही काहींना आयुष्यभर काही होत नाही, तुला माहितीये."

माहितीये. पेपरमध्ये मीच लिहिलंय ते वाक्य. पुढचंही लिहिलंय — अशा लोकांना लिम्फोमाची, गाठींच्या कॅन्सरची शक्यता जास्त. सकाळपासून वीस वेळा तरी मान चाचपली. तिसऱ्यांदा वाटलं, आहे. चौथ्यांदा वाटलं, नाही.

"घरात अजून कुणाला?" मॅडम म्हणाल्या. मी नाही म्हणाले. जिन्यापर्यंत आले आणि पाय थांबले.

मैत्री!

प्राचीताईची मुलगी. चार वर्षांची. मानेत गाठी, फुगलेलं पोट, दहा महिने टीबीच्या गोळ्या. आणि मी? रोज अशाच मुलांच्या फायली उघडते. घरातली पोर दिसली नाही मला. डॉक्टर टीबी म्हणाले, मीही टीबी म्हटलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आंबिवलीला ताईकडे गेले. मैत्रीला मांडीवर घेतलं, वेणी घालतेय असं दाखवून मान बघितली. दोन्ही बाजूंना गाठी — मऊ, हलणाऱ्या, दुखत नाहीत. पायावर निळे डाग. प्लेटलेट परत खाली आल्यात. स्प्लीन रक्त खातेय म्हणतात, म्हणून काढायची. शुक्रवारी, चौदाला ऑपरेशन!

हा आजार असेल तर स्प्लीन काढायची नसते. ही मुलं त्यानंतर साध्या जंतूने काही तासांत जातात. आमच्या फायलींतच आहेत दोन.

ताई म्हणाली, "एकदाचं काढून टाकलं की सुटेल बिचारी." मी चहा प्यायले. का नाही बोलले? चुकले तर? मी सांगितल्यामुळे ऑपरेशन थांबलं आणि पोरीच्या डोक्यात रक्तस्राव झाला तर?

१० फेब्रुवारी

मॅडम म्हणाल्या, "संशोधनातला निकाल आपण घरच्यांच्या हातात देऊ शकत नाही. नियम आहे. क्लिनिकल लॅबमधून तपासून घ्यायचा. जीनचा रिपोर्ट यायला तीन-चार आठवडे."

"चार दिवसांनी ऑपरेशन आहे, मॅडम."

त्या म्हणाल्या, "स्वतःच्या शरीराबद्दल बोलायला तुला कोण अडवणार?"

११ फेब्रुवारी, मंगळवार

ताईकडे जाऊन माझ्या पेशींचं सांगितलं, ऑपरेशन थांबवा म्हटलं. वाईट झालं सगळं.

राजरत्न भाऊजी एकदम शांत. त्यांचं तसं असणंच जास्त लागलं. "दर्शना, तू पीएचडीवाली डॉक्टर. आम्हाला पेशंट बघणारे डॉक्टर जे सांगतात, ते करायचंय."

ताई मात्र फुटली. "इतकी वर्षं हेच शिकत होतीस ना? मग दहा महिने कुठे होतीस?"

निघताना मैत्रीने विचारलं, "मावशी, तू भांडलीस?"

१२ फेब्रुवारी

आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकलं आणि म्हणाली, "पानथरी वाढली होती त्याची पण."

कुणाची?

आम्हाला एक भाऊ होता. ताईच्या आधीचा. चार वर्षांचा होऊन गेला, तेव्हा ताई तीन महिन्यांची. मानेत गाठी, एवढं पोट. तीस वर्षांची झाले मी, आणि हे आज कळतंय!

"सांगितलं का नाहीस?"

आई दाराकडे बघून हळूच बोलली. पप्पा हॉलमध्ये होते. तो गेला त्या वर्षी उन्हाळ्यात आई त्याला माहेरी शहापूरला घेऊन गेलेली. तिच्या वडलांना टीबी. परत आल्यावर याला गाठी दिसल्या. झालं — तुझ्या घरचं दुखणं आमच्या पोराला लागलं. पप्पांची आई म्हणाली, पप्पाही म्हणाले. त्यानंतर आईचं माहेर बंद. मामाचं घर आम्ही कधी पाहिलं नाही. आम्हाला वाटायचं, काहीतरी जमिनीवरून असेल.

आईने भाजीची पाटी उचलली. "प्राचीला मी सांगते. माझं ऐकेल ती."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आईने ताईला फोनवर काय सांगितलं माहीत नाही. सकाळी ताईचाच फोन. "सर्जन अकराला भेटतील. तू ये. कागद घेऊन ये."

कल्याणचं हॉस्पिटल. ताई, भाऊजी आणि मी बाकावर. ताई माझ्याकडे बघत नव्हती, पण मैत्रीची फाइल तिने माझ्या मांडीवर ठेवली. मॅडम स्वतः ठाण्याहून आल्या! मी बोलावलं नव्हतं.

सर्जन कंटाळलेले. "टीबी नसेलही, मान्य. पण प्लेटलेटचं काय?" मी माझा ग्राफ काढला, माझ्या गाठी सांगितल्या, भावाचं सांगितलं — भाऊ म्हणताना अडखळले. मॅडम एवढंच म्हणाल्या, "एक रक्ततपासणी आहे. मरायला हव्या होत्या त्या टी-पेशी मोजायची. शनिवारपर्यंत आकडा येईल. स्प्लीन दोन दिवस थांबू शकते. काढलेली परत बसवता येत नाही."

सर्जन भाऊजींकडे बघायला लागले. भाऊजी म्हणाले, "थांबू या."

१४ फेब्रुवारी

आज ऑपरेशन झालं असतं. प्लेटलेट एकोणीस हजार, हव्यात दीड लाख. ताईने मैत्रीला पलंगावरून खाली उतरू दिलं नाही. पडली तर? माझं चुकलेलं असू दे. नाही — चुकलेलं नसू दे. काय मागायचं तेच कळत नाही!

१५ फेब्रुवारी, शनिवार

आकडा आला. नॉर्मल दीड टक्का. मैत्रीचा चौदा.

ऑपरेशन रद्द. टीबीच्या गोळ्या बंद. स्टिरॉइड सुरू. ताई हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसून रडली. माझा हात धरलेला तिने. इतका घट्ट की अंगठी रुतली.

२५ फेब्रुवारी

जीनच्या तपासणीसाठी मैत्री, ताई आणि माझं रक्त पंधरालाच गेलं; आज आई-पप्पांचं द्यायचं होतं. पप्पा म्हणाले, "माझं कशाला? हिच्याच घरचं असणार." आईने बाही वर केली. पप्पांनी पण दिलं शेवटी. मीच हट्ट धरला.

४ मार्च

प्लेटलेट बावन्न हजार!! मैत्री खाली खेळायला गेली. भाऊजींनी फोटो पाठवला. खाली काहीच लिहिलेलं नाही. पण पाठवला.

१० मार्च, सोमवार

मैत्री — फासमध्ये दोष. ताई — तोच. मी — तोच, जीनमधलं तेच अक्षर चुकलेलं.

माहीत होतं. तरी कागद हातात आल्यावर आधी वरचं नाव तपासलं. दर सहा महिन्यांनी तपासणी, आयुष्यभर. डॉक्टर म्हणाले, गाठ हाताला लागली तर या, रोज शोधू नका. आज दोनदाच शोधली.

अपूर्वने न सांगता सी-तीनच्या जागी स्वतःचं रक्त दिलं. संध्याकाळी मॅडमनी विचारलं, तुझं हे पेपरमध्ये घालायचं का, पेशंट म्हणून. विचार करते म्हणाले.

आई-पप्पांचे रिपोर्ट मागाहून.

२८ मार्च, शुक्रवार

रिपोर्ट आले. आईचा नॉर्मल. दोष पप्पांचा.

पप्पांनी कागद दोनदा वाचला. इंग्रजी समजलं नसेल म्हणून मी सांगायला लागले, तर हाताने थांबवलं. उठून स्वयंपाकघरात गेले. "रंभा. माझ्याकडून आलंय ते."

आईने गॅस बंद केला. "मला नका सांगू. माझ्या भावाला फोन लावा, त्याला सांगा."

पप्पांकडे मामाचा नंबर नव्हता. आईने तोंडपाठ सांगितला.