पिन फाटकाशीच हवी

४ मार्च, मंगळवार
जमलं! एकदाचं जमलं! आमच्या मेपलच्या पाकाच्या वेबसाइटवर नकाशा बसला. बोटानं ओढला की सरकतो, मोठा होतो, लहान होतो. लायब्ररीतल्या लॉर्नानं दोनदा करून दाखवलं — नकाशाचा कोड उचलायचा, आपल्या पानात चिकटवायचा. तिसऱ्यांदा मी तिला हातसुद्धा लावू दिला नाही. एकसष्टाव्या वर्षी!

नवऱ्याचं आपलं वेगळंच. आर्माँ म्हणे, "कशाला ही थेरं? फोनवर सांगतो की मी रस्ता." सांगतो! "जळक्या शाळेपाशी डावीकडे वळा." शाळा जळून पन्नास वर्षं झाली, तिथं आता नुसतं गवत. माणसं काय राखेचा वास घेत येणार?

६ मार्च
आर्माँनं आज बोलून टाकलं. बावीस तारखेला सगळ्या पाकवाल्यांचं ओपन हाऊस — कोणीही यावं, बघावं, चाखावं. गेल्या वर्षी आमच्याकडे अकरा माणसं आली. यंदाही तेच झालं तर झाडं विकायची. बर्लिंग्टनचा एक जण अख्खं रानच मागतोय. आर्माँच्या आजोबांनी राखलेलं रान! मी भांडले, रडलेसुद्धा. तो काहिलीत उकळणाऱ्या मेपलच्या रसावरचा फेस काढत राहिला.

"कोणासाठी उकळायचं, क्लॉडेट? कोणी येतच नाही."

९ मार्च, रविवार
शरमेनं मेले. नकाशा बघून पाच गाड्या आल्या आणि पाचही चिखलात! मी शहाणी — पिन नेमकी पाक उकळायच्या शेडच्या धुराड्यावर ठोकली होती. अगदी अचूक! पण शेडच्या सगळ्यात जवळून जातो तो मागचा, लाकूड ओढायचा जुना रस्ता. बर्फ वितळायला लागला की त्यात अर्धं चाक बुडतं. नकाशाला काय ठाऊक! त्यानं सगळ्यांना तिकडूनच धाडलं.

शेजारच्या वेंडेलनं ट्रॅक्टर लावून एकेकाला ओढून काढलं. वर मला म्हणतो, "वहिनी, माझ्या ट्रॅक्टरचीही एक पिन टाका. तिथंच मुक्काम करतो."

आर्माँ फावडं घेऊन चाकांचे खड्डे बुजवायला गेला. ते जास्त लागलं.

१० मार्च
दिवसभर भांडी घासली. कॉम्प्युटर उघडलाच नाही.

१२ मार्च
लॉर्ना म्हणाली, "अगं, पिन शेडवर कशाला? गाडीनं जिथं वळायचं, तिथं ठेव."

म्हणजे फाटकाशी! शेड तिथून अर्धा मैल आत, पण वळण बरोबर. लाल रेघ मी स्वतः काढली — मोठ्या रस्त्यावरचा पूल, फाटक, शेड. मागच्या वाटेवर लिहिलं : इथून येऊ नका, चिखल आहे! वेंडेलला फोन केला, म्हटलं नकाशा सांगेल तसाच या. आला फाटकातून! "तीस वर्षं येतोय, आज पहिल्यांदा नकाशाला विचारत विचारत आलो."

आर्माँ म्हणे, "चुकीच्या जागी पिन ठेवली की माणसं बरोबर जागी पोचतात. काय यंत्र आहे!" पण मी आत गेल्यावर बोटानं नकाशा सरकवून बघत होता. दोनदा. पाहिलं मी!

२२ मार्च, शनिवार
गाड्याच गाड्या! फाटकापासून पुलापर्यंत रांग. एकशे चाळीस माणसं मोजली, मग नाद सोडला. ताज्या बर्फावर गरम पाक ओतून ओतून दंड भरून आले. डोनट दुपारी दोनलाच संपले. गोडानं तोंड मिट्ट झालं की चावायला ठेवलेल्या आंबट काकड्या — त्याही संपल्या! चिखलात एकही गाडी नाही. वेंडेल बिचारा ट्रॅक्टर घेऊन मागच्या वाटेवर ताटकळत बसला होता. जिंकले मी, जिंकले!

एक बाई आर्माँला म्हणाली, "अहो, आम्ही तीन वर्षं शोधतोय तुम्हाला. दर वेळी हुडकून हुडकून परत जायचो."

तो डोळे पुसायला लागला. म्हणे, डोळ्यांत वाफ गेली.

२ एप्रिल, बुधवार
बर्लिंग्टनचा माणूस रानाच्या विक्रीचे कागद घेऊन आला. एकदाही न चुकता, सरळ फाटकातून. आर्माँनं त्याला कॉफी पाजली, पाकाचा डबा दिला, आणि कागद न उघडता त्याच्या हातात परत ठेवले.

"जायचा रस्ताही तोच," म्हणाला.