देवळाच्या साइटने मला ओळखलं नाही

८ मार्च २००७, गुरुवार
आमच्या वाडीच्या भैरवनाथाची वेबसाइट आज सुरू झाली. मराठी मजकूर माझा. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं लिखाण आता जगभर. अहंकार नको म्हणून नाव फक्त तीन ठिकाणी घातलं: लेखन, संकलन, संकल्पना.
इंग्रजी भाषांतर रामदासचं. माझा शाळासोबती, भजनात शेजारी बसतो, आता मंचरला इंग्रजीचा मास्तर. त्याच्या नावाला जागा उरली नाही. त्याचे वडील चिमाजी यांनी चाळीस वर्षं देवळात दिवा लावला. तेही जागेअभावी राहिलं.

१० मार्च, शनिवार
मंचरला आरतीच्या सायबर कॅफेत साइट पाहायला गेलो. उघडली ती इंग्रजीत. म्हणजे रामदासची! बंद केली, पुन्हा उघडली. पुन्हा रामदासच.
साइट बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीने भाषेचं बटण ठेवलेलंच नाही. येणाऱ्याची भाषा साइट आपोआप ओळखते म्हणे. मग मला कोण समजली?
आरती म्हणाली, काका, वाचून दाखवू का? मला येतं म्हणालो आणि पान बंद केलं.

११ मार्च, रविवार
भजनाला रामदास भेटला. म्हणतो, "राव, आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर तुझंच पान उघडतंय. लई झकास लिवलंय." टोमणा कळतो मला. देवळाचा इतिहास मी लिहिला, आणि साइट त्याच्याशी मराठी बोलते, माझ्याशी इंग्रजी.
संकल्प: आजपासून मत्सर बंद.

१५ मार्च, एकादशी
उपवास धरून सायबरला गेलो. टोपी घातली, बुक्का लावला, चपला बाहेर काढल्या. वाटेत मनात इंग्रजी शब्द येऊ दिला नाही. (एस.टी. सोडून.) डोळे मिटून नाथाचं नाव घेतलं आणि माउस दाबला.
इंग्रजी.
सकाळची साबुदाण्याची खिचडी जरा जास्तच झाली होती. तेच आड आलं असणार.

२० मार्च, मंगळवार
सरपंच मंगलताईंनी जाहीर केलं: २ एप्रिलला, यात्रेच्या संध्याकाळी, साइट मोठ्या पडद्यावर दाखवायची. सगळी वाडी, शिवाय पुण्यामुंबईचे पाहुणे. पडद्यावर रामदासचं पान आलं तर माझं कोण वाचणार? जेवण गेलं नाही. हा मत्सर नव्हे. काळजी आहे.

२२ मार्च, गुरुवार
शेवटी आरतीला विचारलं. हसलीच. म्हणे, "काका, साइटला माणूस दिसत नाय. ब्राउझर आधीच सांगतो, या मशीनवर पहिली भाषा अमुक, दुसरी तमुक. साइट तेवढंच ऐकते."
म्हणजे खिचडीचा दोष नव्हता.
तिने यादी उघडून दाखवली. पहिली इंग्रजी, दुसरी हिंदी. मराठी नाहीच. मंचरमध्ये! तिने मराठी घातली, तर ती जाऊन बसली तळाला. वर सरकवायचं बटण मी स्वतः दाबलं, दोनदा. मराठी पहिली. पान उघडलं: मी. तीन ठिकाणी.
रामदासची यादी त्याच्या मुलाने लावून दिली असणार. वशिला.
यात्रेला हेच मशीन घेऊन यायचं, हे आरतीकडून कबूल करून घेतलं.

३ एप्रिल, मंगळवार, सकाळी
काल साइट मराठीत उघडली. माझं नाव हातभर मोठं. टाळ्या पडल्या.
वाडीतल्या म्हाताऱ्या ठकूबाईला वाचता येत नाही. तिने नातीकडून सगळं वाचून घेतलं आणि भर सभेत विचारलं, "आन् चिमाजी कुटं हाय? चाळीस वर्सं दिवा लावला त्यानं. सावळेरामचं नाव तीनदा, आन् त्याचं एकदाबी न्हाई?"
लोक हसले. मी म्हणालो, तांत्रिक अडचण. रामदास खाली बघत होता.
मंगलताईंनी पाहुण्यांसाठी इंग्रजी दाखवायला सांगितलं. आरतीने यादीत इंग्रजी वर घेतली, रामदासच्या भाषांतराची पहिली ओळ वाचली आणि गावाला मराठीत सांगितली: हे मूळ मराठीत सावळेरामांनी लिहिलं आहे, त्यांच्या मराठीची गोडी मला इंग्रजीत आणता आली नाही, तो दोष माझा.
त्या पानावर रामदासचं नाव कुठेच नव्हतं. चिमाजींचंही नव्हतं. मी लिहिलं नव्हतं, म्हणून त्याने घातलं नाही.
ती ओळ १० मार्चपासून माझ्यासमोर होती. मी दर वेळी पान बंद केलं.

५ एप्रिल, गुरुवार
कंपनीला फोन केला. चिमाजींचं नाव घाला, भाषांतर करणाऱ्याचंही घाला. माझं दोन ठिकाणी पुरे.
रामदासला सांगितलं, चूक कंपनीची होती. तो म्हणाला, "आसंल राव."
मग मंचरला गेलो. आरतीला म्हटलं, या मशीनवर आता इंग्रजीच पहिली राहू दे. तिने विचारलं, "काका, तुम्हाला वाचता येईल का?"
म्हटलं, पहिली ओळ पाठ आहे.