वादिमच्या नाकात गेलेले आईचे थेंब

वोलोग्दा, २० सप्टेंबर

प्रिय फाइना मावशी,

दोन्ही गालांवर मिळून तीन पाप्या, आणि तुझ्या गुडघ्याची वेगळी विचारपूस. जिना चढू देतो, की अजून रुसलेलाच आहे? आम्ही बरे आहोत. आईची प्रकृती ठणठणीत आहे, फक्त मला ती कधी नेल्ली म्हणते, कधी शेजारीणबाई. (शेजारणीशी ती जास्त गोड बोलते, म्हणून मी चूक दाखवत नाही.)

तू आईसाठी पाठवलेले ते आठवणीचे आणि जिवाच्या घाबरेपणाचे नाकातले थेंब पोहोचले. जिने अकरा वर्षं तुझं नाव टाकलं, त्या बहिणीसाठी तू दुखऱ्या गुडघ्याने औषधाच्या दुकानात रांग लावलीस, हे कळल्यावर मी तुझं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग तू लिहिल्याप्रमाणे बाटली फ्रिजच्या दारात ठेवली. डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय आईला द्यायचे नाहीत, म्हणून मी सोमवारची वाट पाहत होते. वादिमने कुणाचीच पाहिली नाही. अळंबी गोळा करायला जाऊन तो भिजून आला होता, आणि घरात नाकात घालायचं जे काही असेल ते आपल्याच सर्दीसाठी, अशी माझ्या नवऱ्याची पक्की समजूत आहे. सहा दिवस, दिवसातून तीनदा.

नाक गळतच राहिलं, पण माणसाला आठवायला लागलं. (हा थेंबांचा गुण, की सहा दिवस घरात बसून दुसरा उद्योग नसल्याचा, ते तू सांग, जन्मभर औषधं विकलीस.) आधी त्याला हरवलेले रबरी बूट आठवले. मग शनिवारी अळंब्या सुकवायला दोऱ्यात ओवताना तो एकदम म्हणाला, "नेल्ली, त्या जागेचं गुपित मावशीने नाही फोडलं. मी फोडलं. आईंच्या मागोमाग जाऊन एकदा पाहून ठेवली होती, आणि बोलून बसलो ल्योवाच्या पन्नाशीला, तिसऱ्या बाटलीनंतर."

आजोबांची ती बर्चच्या रानातली अळंबीची जागा, मावशी, जी मरतानासुद्धा त्यांनी फक्त तुम्हा दोघी बहिणींच्या कानात सांगितली, आणि जिथे पुढच्या वर्षी वादिमच्या त्या मित्राचा, ल्योवाचा, अख्खा कारखाना बादल्या घेऊन उतरला. तू शपथेवर नाही म्हणालीस. कुणी विश्वास ठेवला नाही. मीही नाही. मला माफ कर.

वादिम तसाच लाल नाकाने आईसमोर जाऊन उभा राहिला आणि सगळं कबूल केलं. आईने शांतपणे ऐकलं, त्याच्या हातावर थोपटलं. "रडू नकोस रे बाबा. अळंबीच ती, पुन्हा उगवेल." (आपण रडत नव्हतो, ती सर्दी होती, असं वादिमचं म्हणणं आहे.) मग ती माझ्याकडे वळली. "पण फाइना अजून कशी आली नाही? अंधाराला घाबरते ती."

तेव्हा मावशी, तुझे उपकार कसे फेडू? औषध लागू पडलं. नाक तेवढं चुकलं.

तुझी,
नेल्ली

ता. क. वादिमने माफीची तीन पत्रं लिहून फाडली. तोंडावरच मागतो म्हणतो. कुठल्या गाडीने येतेस ते कळव, तो फलाटावर उभा राहील.

ता. क. दुसरा: बाटली संपली. डॉक्टरीणबाई आईला थेंब द्यायला हो म्हणाल्या आहेत, म्हणून नवी आण. टपालाने नको, तुझ्या हाताने. पण पहिला थेंब घालायच्या आधी एक अख्खा दिवस तिच्याशेजारी बस. तुमचं भांडण तिला सध्या आठवत नाही.