मी सांगितलं म्हणून

१२ ऑक्टो.
प्रॅक्टिस. नदीम परत अंग चोरत होता. दापोलीचा, सव्वीस वर्षांचा, कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. सहा फूट चार इंच उंची, पण समोरचा अंगावर आला की हा बाजूला. मी चिडून बॉल फेकून मारले. पहिला छातीवर, दुसरा तोंडावर. ओठ फाटला. म्हणतो, "सॉरी, कोच." रक्त त्याचं आणि सॉरीही त्याचंच.
घरी येऊन पोटभर जेवलो.

१४ ऑक्टो.
गुडघा सुजलाय.
सांगलीहून इथे आखातात आलो तेव्हा कागदावर स्टोअरकीपर होतो, पगार मात्र बास्केटबॉल खेळायचा. गावात कुणाला पटायचं नाही. खरं तर बास्केट टाकायला मला ठेवलंच नव्हतं, माणसं पाडायला ठेवलं होतं. तिघांची नाकं फोडली, एकाचा खांदा निखळवला. मग एकाने माझा गुडघा मोडला आणि मी कोच झालो. पोरांना शिकवणार काय? जे येतं तेच.

१९ ऑक्टो.
शारजात रुवैसच्या टीमबरोबर मॅच. त्यांचा आर्नेल, फिलिपिनो, चणीने लहान पण आवरेना. दोन मिनिटं उरली, आम्ही चार पॉइंटने मागे. टाइमआउट. नदीमची मान धरून कानात सांगितलं, "आता तो उडाला की त्याच्या पायाखाली शीर."
"कोच, डोक्यावर पडेल तो."
"पडू दे. नाहीतर उद्यापासून कामावरही येऊ नकोस."
आर्नेल उडाला. न. खाली शिरला. आर्नेलचे पाय वर, डोकं आधी लाकडी जमिनीवर. कानातून रक्त.
मग त्यांची माणसं खुर्च्या घेऊन धावली. आमच्या गार्डचा हात मोडला. मी एकाला पाडून बरगडीत लाथा घातल्या. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.
पोलिसांनी न.ला नेलं. त्याने माझ्याकडे बोटही दाखवलं नाही.

२१ ऑक्टो.
हॉस्पिटल. आर्नेलच्या कवटीचं ऑपरेशन झालं, शुद्ध नाही. त्याची बायको बाहेर उभी. "यू आर द कोच ऑफ दॅट टॉल वन?" हो म्हटलं. दोन्ही मुठींनी छातीवर, तोंडावर मारत सुटली. कुणी आवरलं नाही. मीही हात वर केला नाही.

२२ ऑक्टो.
मॅनेजरचा फोन. "हबीबी, तू गप्प बस. खेळात होतं असं. नदीमचं नदीम बघेल. विषय खलास."
दुपारी न.चा मोठा भाऊ रास अल खोरहून गॅरेजच्या कपड्यांतच आला. "सर, घरी कोंबडी कापायला घेतली तरी तो बाहेर निघून जातो. त्याने असं कसं केलं?"
चहा दिला. दुसरं काही देता आलं नाही.

२३ ऑक्टो.
आमच्या तन्वीच्या कॉलेजात मॅचचा व्हिडिओ फिरतोय. टाइमआउटचाही आहे. माझा हात न.च्या मानेवर.
"बाबा, व्हॉट डिड यू टेल हिम?"
सांगितलं. सगळं. ती दोन पावलं मागे सरकली. मला घाबरून. पोटच्या पोरीने.
बायकोला, सुलेखाला म्हटलं, पोलिसांकडे जातो. "जेल होईल. नोकरी जाईल. आम्ही काय करायचं?" खूप रडली. मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "जा. पण माझी परवानगी मागू नका."

२५ ऑक्टो.
सकाळी पोलीस स्टेशन. मोडक्या हिंदी-इंग्लिशमध्ये सांगितलं, मी पाडायला लावलं. नोकरी घालवायची धमकी दिली. ऑफिसरने न.ला आणवलं. डोळे खोल गेलेत, दाढी वाढलीय.
"कोचने तुला सांगितलं?"
न. म्हणाला, "नाही साब. माझ्या मनानेच केलं."
मी ओरडलो, "नदीम, खोटं बोलू नकोस!" शिपायाने खांदा दाबून खाली बसवलं.
न. मराठीत म्हणाला, "कोच, तुम्ही नुसतं सांगितलंत. पाय मी घातला. तो पडताना माझ्याकडे बघत होता."
ऑफिसरने विचारलं, हा काय बोलला? मी शब्दन् शब्द सांगितला. सांगताना कळलं, यात मीही अडकतो आणि तोही.
ऑफिसरने लिहून घेतलं. अरबीत, दोन पानं. सही करण्याआधी मी विचारलं, यात दोष कुणाचा लिहिलाय?
"दुभाष्या येईल. बस."
दोन तास बसलोय. डायरी अजून काढून घेतलेली नाही. आताच आर्नेलच्या हॉस्पिटलमधून फोन आला, ऑफिसर उठून उभा राहिला, पाठ फिरवून ऐकतोय